चार मासे चांदी

गाडीचे आजार दोन जातींचे. काही मिस्त्रीला दिसतात, काही मिस्त्री दिसला की पळून जातात. पहिल्या जातीवर माझा संसार चालला. दुसऱ्या जातीनं केस पांढरे केले. पण कुणी विचारलंच, की मिस्त्री, आयुष्यात केलंत काय, तर मी दुसऱ्या जातीबद्दलच बोलतो. पंक्चर आणि ब्रेकच्या गोष्टी कोण ऐकणार?

त्यातला सगळ्यात खोडकर आजार म्हणजे गरम गाडी परत सुरू न होणं. सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होणार, घाट चढणार, तक्रार म्हणून नाही. दहा मिनिटं बंद केली आणि परत किल्ली फिरवली की नुसतं घर्र घर्र. अर्धा तास झाडाखाली बसा, की जसं काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. मालक रागारागानं गाडी गॅरेजात आणतो, तोवर ती निवलेली असते. मी किल्ली फिरवतो, ती सुरू होते, आणि मालक माझ्याकडं असं बघतो, जणू मीच फितूर आहे.

सत्तर सालानंतरच्या त्या दिवसांत या आजारावर एकच औषध सगळ्यांना ठाऊक होतं, ओलं फडकं. इंजिनाला लागून पेट्रोल ओढणारा एक छोटा पंप असतो. उन्हात तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पुढं पेट्रोल जात नाही. मग खंबाटकीच्या घाटात जागोजागी बॉनेट उघडून माणसं पंपावर ओली फडकी टाकत बसलेली दिसायची. शिरवळचा एक ठेकेदार तर त्यासाठी वेगळा टॉवेल ठेवायचा आणि त्याला कुणाला हात पुसू द्यायचा नाही. फडकं टाकलं, विडी ओढली, चार गप्पा मारल्या, की गाडी सुरू. गुण फडक्याला मिळायचा. मधे वीस मिनिटं गेली हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. माझ्याही आलं नव्हतं, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

मी पंधरा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढून साताऱ्यात गॅरेज टाकलं होतं. पत्र्याची शेड, एक खड्डा, पुढं कडुनिंब. गावातले जुने मिस्त्री मला 'मिलिटरी' म्हणायचे, आणि त्यात कौतुक थोडं, चेष्टा जास्त असायची. अशात एके दिवशी मेढ्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. डॉ. सुमन. वय तिशीच्या आत, नऊवारीतल्या बायका बघायची सवय असलेल्या मेढ्याच्या जावळी खोऱ्यात पाचवारी नेसून स्वतः गाडी चालवणाऱ्या.

बाईंचं आजोळ विट्याचं. वडील लहानपणीच गेले, शिकवलं मामांनी. मामा गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचा धंदा. विट्याकडची कितीतरी माणसं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत, तसं मामांचं दुकान पार दक्षिणेला होतं. भाचीनं मेढ्याला दवाखाना काढला तेव्हा मामांनी आपली वापरातली मोटार तिला देऊन टाकली. म्हणाले, डॉक्टरनं चालत गेलं की पेशंटाचा भरवसा जातो.

गाडी देखणी होती. फक्त गरम झाल्यावर सुरू व्हायची नाही. दोन मिस्त्र्यांनी हात टेकले होते. बाईंनी आपली युक्ती काढली होती. वाडीवर गेल्या की गाडी उतारावर, तोंड खाली करून लावायच्या. परत निघताना गाडी सोडून द्यायची, खोकत, काळा धूर ओकत, पन्नास-शंभर पावलांवर ती धरायची. जावळीत उताराला तोटा नाही. जिथं उतार नसेल तिथं इंजिन चालूच ठेवून बाई आत जायच्या. पेशंटची छाती तपासताना एक कान बाहेर.

मी बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत निदान सांगून मोकळा झालो. कॉइल. ठिणगीला वीज पुरवणारी ती डबी जुनी झाली की तापल्यावर मान टाकते, हे मी लष्करात शंभरदा बघितलेलं. गाडी गरमच होती, सुरू होत नव्हती. मी जुनी कॉइल काढली, नवी बसवली, वायरी साफ केल्या, कंडेन्सरही बदलला. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू. मिशीवर हात फिरवून मी म्हणालो, "बाई, आता काळजी सोडा."

त्या कामाला अर्धा तास लागला होता. शिरवळच्या ठेकेदाराचा टॉवेल आणि माझी नवी कॉइल यांत काडीचा फरक नव्हता.

बारा-तेरा दिवसांनी बाई पुन्हा आल्या. एस.टी.नं. गाडी आणली नव्हती. समोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी जे सांगितलं ते आवाज न चढवता सांगितलं, त्यामुळं ते मला जास्त लागलं.

नदीकाठच्या एका वाडीवर बाळंतपण अडलं होतं. माझ्या शब्दावर विसंबून बाईंनी गाडी सपाट जागेत, घरापाशी लावली आणि बंद केली. पोरगीला साताऱ्याला हलवायला हवं हे दहा मिनिटांत कळलं. तिला गाडीत निजवलं आणि गाडी सुरू होईना. भाताच्या चिखलात आठ माणसांनी ढकलली. शेवटी घोंगडीची झोळी करून पोरगीला दोन मैल सडकेपर्यंत उचलून नेलं. देवदयेनं एस.टी. आली, ड्रायव्हरनं मधला एकही थांबा न घेता गाडी साताऱ्याला आणली. आई वाचली, मूलही वाचलं.

"तुमच्यावर राग नाही, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "पण मी ठरवलंय. दसऱ्यापर्यंत या गाडीवर माझा भरवसा बसला तर राहीन. नाही तर सांगलीच्या एका इस्पितळात जागा आहे, तिकडं जाईन. लोक माझी वाट बघत थांबतात. मी नसले तर निदान वेळेत दुसरीकडं निघतील."

दसरा तीन आठवड्यांवर होता. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, तर काय सांगणार? एक कॉइल बदलली म्हणून एक पोरगी झोळीतून गेली, हे तोंडातून निघेना.

लष्करात आमचे एक हवालदार होते. नवा जवान पाना घेऊन इंजिनाकडं धावला की ते त्याच्या मनगटाला धरायचे. "पहले पूछो, फिर खोलो." गाडीला विचारायचं, आणि ती रुसलेली असते तेव्हाच विचारायचं. रुसवा गेल्यावर कुणीही गोडच बोलतं. हे शिकून आलेला मी, साताऱ्यात चार लोकांनी मिस्त्री म्हटल्यावर विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी पान्यांची पिशवी, घड्याळ आणि एक वही घेऊन मी मेढ्याला गेलो. दिवसभर बाईंच्या शेजारी बसून वाड्या हिंडलो. प्रत्येक ठिकाणी गाडी बंद करायला लावायची आणि किती मिनिटांनी सुरू होते ते लिहायचं. दोन मिनिटांत फिरवली तर सुरू. पाच मिनिटांनी कुरकुर. दहा ते वीस मिनिटं, साफ नकार. पस्तीस मिनिटांनी सुरू. हे कळल्यावर मी तिसऱ्या वाडीवर बरोबर बाराव्या मिनिटाला बॉनेट उघडलं. भोवती माणसं जमली.

"मिस्त्री, भूतबित हाय का काय हिच्यात?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"भूत असतं तर सकाळी बी धरलं असतं की, आजोबा."

"ते बी खरंच म्हना," म्हणत तो दगडावर बसला. पुढचा खेळ बघायचा त्याला.

गाडीचं इंजिन चालायला पेट्रोल लागतं, हवा लागते आणि वेळेवर ठिणगी लागते. नकार आला की यातलं काय कमी आहे ते त्याच क्षणी बघायचं. मी प्लग काढला. ओलाचिंब, पेट्रोलचा भपकारा. तोच प्लग इंजिनाला टेकवून बाईंना किल्ली फिरवायला सांगितली, तर कडकडीत निळी ठिणगी. म्हणजे ठिणगी होती. पेट्रोल होतं, नको इतकं होतं. इंजिन उपाशी नव्हतं, त्याला अजीर्ण झालं होतं. आणि आम्ही सगळे त्याला अजून भरवत होतो. सुरू होईना की चोक ओढ, पाय मार, म्हणजे आणखी पेट्रोल.

मग पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचं झाकण काढून आत बघितलं. इंजिन बंद, सगळं शांत, आणि आत थेंब थेंब पेट्रोल गळत होतं. त्या गळणाऱ्या थेंबांकडं बघून मला इतका आनंद झाला, की म्हाताऱ्यानं विचारलं, "घावलं का काय?"

"वाट घावली," मी म्हणालो. "चोर अजून घावायचाय."

पाण्याच्या टाकीत जसा बॉल असतो, पाणी भरलं की वर येऊन तोटी बंद करतो, तसं कार्बोरेटरच्या वाटीत पितळेचं एक पोकळ तरंगतं असतं. त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल ठरल्या रेषेला आलं की फ्लोट वर येऊन वाट बंद करतो. आता गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि इंजिनाची सगळी धग वर कार्बोरेटरला लागते. चूल विझली तरी तवा तापलेलाच राहतो, तसं. वाटीतलं पेट्रोल उकळतं. पातेल्यात दूध बेताचं असेल तर उकळून आतच राहतं, काठोकाठ असेल तर उतू जातं. या गाडीत रेष चुकली होती, दूध काठोकाठ होतं. उतारावर गाडी धरायची कारण शंभर पावलं वारा खाऊन आतलं जादा पेट्रोल निघून जायचं. मामांना हा त्रास कधी झाला नाही, कारण त्यांची गाडी सकाळी दुकानापुढं लागायची ती संध्याकाळीच हलायची.

साताऱ्याला आणून फ्लोट काढला. भोक पडून आत पेट्रोल गेलं की फ्लोट बुडतो, हा नेहमीचा रोग. कानाशी हलवला, आवाज नाही. गरम पाण्यात धरला, एक बुडबुडा नाही. मिलिटरीच्या पद्धतीनं उंची मोजली, केसाचाही फरक नाही. सगळ्या परीक्षांत पहिला नंबर. माझ्याकडं एका वकिलांची तसलीच गाडी भागासाठी अडकून पडली होती. त्यांना विचारून त्यांचा फ्लोट काही दिवसांसाठी काढला आणि बाईंच्या गाडीत घातला. भर दुपारी वाढे गावापर्यंत पळवली, बारा मिनिटं बंद ठेवली, किल्ली फिरवली. सुरू. पुन्हा केलं. पुन्हा सुरू.

दोन्ही फ्लोट उन्हात शेजारी ठेवले. जुळे भाऊ. फक्त बाईंच्या फ्लोटच्या सांध्याजवळची पट्टी जरा जास्तच पांढरी, जास्तच सुबक. असला सांधा गॅरेजात होत नाही.

"बाई, याला हात कुणी लावलाय?"

"मामांनी," बाई कौतुकानं म्हणाल्या. "भोक पडलं होतं. तिथला मिस्त्री शिशाचा डाग देत होता, तर मामांनी त्याच्या हातातून काढून घेतलं. म्हणाले, माझ्या गाडीत शिसं? घरी आणून स्वतः चांदीनं सांधलं. नुसतं भोक नाही, सगळीकडून पक्कं केलं, वर पॉलिश केलं."

मी कपाळाला हात लावला. मी उंची मोजली होती, वजन नाही. चांदीनं फ्लोट जड झाला होता. जड झाला म्हणून खोल बुडत होता आणि पेट्रोल वर चढेपर्यंत वाट बंदच करत नव्हता. मामांनी मायेनं केलेलं, जन्मात न सुटणारं काम, तेच नडत होतं.

वाट लवकर बंद व्हावी म्हणून फ्लोटची पाती वाकवून बघितली. सडकेवर जमलं, पण वाडीच्या खडकाळ रस्त्याला हादरे बसले की जड फ्लोट पुन्हा खाली आपटे. नवा फ्लोट मुंबईहून यायला महिना. शिसं असतं तर मी पाच मिनिटांत उतरवलं असतं. चांदी तापवून उतरवायची तर कागदाएवढं पातळ पितळ जळणार, कानशीनं घासायची तर फाटणार. ते काम एकच हात करू शकत होता, ज्यानं ती चढवली होती तो. मामा नवरात्रासाठी विट्याला आले होते. दसऱ्याला सहा दिवस होते.

"तुम्हीच सांगा त्यांना," बाई म्हणाल्या. हजार टाक्यांची सवय असलेल्या बाईंचा आवाज पहिल्यांदा बारीक झालेला मी ऐकला. "मला नाही जमायचं."

जड फ्लोट मुद्दाम परत घालून आम्ही विट्याला गेलो. वकिलांचा फ्लोट माझ्या खिशात. मामा सोप्यात बसले होते, पांढरी टोपी, कानात भिकबाळी, बोटं ॲसिडनं काळवंडलेली. चहा झाला. मी दहा मिनिटं पिकापाण्याचं बोललो आणि मग म्हणालो, "मामा, जरा गाडी सुरू करता?"

मामांनी किल्ली फिरवली. घर्र घर्र. पुन्हा घर्र घर्र. मी तिथंच फ्लोट काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं. मामांचा चेहरा लाल झाला.

"मिस्त्री, चाळीस वर्सं धंदा केला म्या. माज्या हातचा डाग कवा सुटला न्हाई."

"सुटला नाही मामा, हीच तर अडचण झालीय."

"मंजी काय? चांदी वाईट आन् शिसं चांगलं?"

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. खिशातला फ्लोट काढून मी त्याच्या शेजारी ठेवला. "तुम्हीच तोला."

मामा उठले आणि लाकडी पेटीतला छोटा तराजू घेऊन आले. एका पारड्यात त्यांचा फ्लोट, दुसऱ्यात वकिलांचा. मामांचं पारडं खाली टेकलं. त्यांनी दुसऱ्या पारड्यात एक मासा, म्हणजे सोनाराचं ग्रॅमभराचं वजन, टाकला. हललं नाही. दोन. तीन. चौथ्या माशाला काटा मधे आला. मामांनी चष्मा काढून पुसला, पारडी उलटी केली, या बाजूचं त्या बाजूला ठेवलं आणि पुन्हा तोललं. तराजूत खोट नाही ना, हे बघायची त्यांची ती रीत. चारच मासे. बाई खांबाला टेकून उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत.

"सुमे," मामा खाली बघत म्हणाले, "ती पोरगी झोळीतनं न्हेली म्हन्लीस, ती ह्येच्यापायी?"

मीच म्हणालो, "मामा, तिला मी बी नेली झोळीतनं. न बघता कॉइल बदलून."

मामांनी बोटानं तराजूचा काटा थांबवला. मग म्हणाले, "जलमभर लोकांचं तोलत आलो गड्या. आपलं तेवढं तोलायचं ऱ्हायलं."

त्यांनी मांडी घातली, पुढ्यात कागद पसरला आणि बारीक कानस घेतली. दुपारभर ते त्या फ्लोटवर वाकून होते. चार हात मारायचे, तोलायचं, पुन्हा चार हात. मी इतकी वर्षं हातानं काम करणारी माणसं बघितली, पण तसा हात पुन्हा दिसला नाही. भोकावर नखाएवढी चांदी ठेवून बाकी सगळी त्यांनी उतरवली आणि पितळाला ओरखडा उठू दिला नाही. शेवटी दोन्ही पारडी सारखी झाली तेव्हा त्यांनी फ्लोट माझ्या तळहातावर ठेवला. "बसीव."

बसवला. खानापूरच्या रस्त्याला गाडी दामटून तापवली, परत आणून दारात सपाट जागेवर बंद केली. बारा मिनिटं. मामा घड्याळ हातात धरून स्टिअरिंगवर बसले. शेजारपाजारचे जमले. मामांनी किल्ली फिरवली आणि इंजिन निम्म्या फेरीत लागलं. त्यांनी बंद केली, पुन्हा लावली. पुन्हा बंद, पुन्हा लावली. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून ते हसले, डोळ्यांतलं पाणी न पुसता.

"लय लाडानं बिघडवली व्हती म्या," ते म्हणाले.

निघताना त्यांनी माझ्या हातात एक पुडी दिली. कागदावर पडलेला कीस वितळवून त्यांनी त्याची गोळी केली होती. गलाईवाला धूळसुद्धा वाया घालवत नाही. "चार मासं हाय," म्हणाले, "ठीव." ती गोळी अजून माझ्या पान्यांच्या पेटीत आहे. निदान सांगायची घाई झाली की मी आधी ती चाचपतो. पुढं लोकांनी मला बऱ्यापैकी हुशार मिस्त्री म्हटलं, त्यात या गोळीचा वाटा मोठा.

दसरा झाला. बाई सांगलीला गेल्या नाहीत. पण आधी एकदा तोंड पोळलेलं, म्हणून दिवाळीच्या आधी मी पान्यांची पिशवी घेऊन मेढ्याला गेलो आणि त्यांच्याबरोबर एका वाडीवर निघालो. नेमकी तीच नदीकाठची वाडी. बाईंनी गाडी घरापुढच्या सपाट अंगणात घेतली, बंद केली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि मागं न बघता आत गेल्या. मी बाहेर घड्याळाकडं बघत उभा. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मागच्या वेळची ती पोरगी मुलाला कडेवर घेऊन दारात आली आणि मला चहा देऊन गेली. विसाव्या मिनिटाला बाई बाहेर आल्या, त्या पोरीच्या सासूबाईला औषधाच्या वेळा सांगतच गाडीत बसल्या, बोलता बोलता किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. त्यांचं बोलणं तुटलंसुद्धा नाही.

वाडी मागं पडली, अर्धी वाट सरली. बाई पुढच्या पेशंटबद्दल बोलत होत्या. मधेच थांबून त्यांनी माझ्या मांडीवरच्या पिशवीकडं बघितलं.

"मिस्त्री," त्यांनी विचारलं, "आज तुम्ही कशाला आला होता हो?"